करिअरकेंद्री हायस्कूल अभ्यासक्रम : गुणवत्तेच्या निकषांची पार्श्वभूमी

अमेरिकेत हायस्कूलमधील व्यवसायशिक्षणाला केंद्राचा निधी १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने मिळू लागला. निधी आला, परंतु व्यवसायशिक्षणाची चूल सामान्य अभ्यासक्रमापासून वेगळी मांडली गेली, आणि 'अभ्यासात मागे पडणाऱ्यांची सोय' हा शिक्का त्याच्यावर बसला तो अनेक दशके पुसला गेला नाही.

ही फारकत मोडणारा प्रयोग १९६९ मध्ये फिलाडेल्फियातील एडिसन हायस्कूलमध्ये झाला. तेथे विद्युत विषयाची पहिली 'करिअर अकॅडमी' सुरू झाली : मुलांची छोटी तुकडी, तिला शिकवणारा शिक्षकांचा ठरावीक गट, व्यवसायाशी जोडलेले नेहमीचे विषय आणि उद्योगाचा प्रत्यक्ष सहभाग. १९८१ मध्ये हे प्रारूप कॅलिफोर्नियात पोहोचले आणि १९८४ मध्ये त्या राज्याने त्यासाठी कायदा केला. तेथील अनुदानाची अट बोलकी आहे : ज्या विद्यार्थ्याची उपस्थिती किमान ८० टक्के असेल आणि ज्याने ठरलेली ९० टक्के क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्याबद्दलचे श्रेयांक) मिळवली असतील, त्याच्याच नावावर पैसे मिळत. निकषांची भाषा येथे पैशाच्या हिशेबातून आली, हे विसरून चालणार नाही.

१९९० च्या दशकात अकॅडमींची संख्या झपाट्याने वाढली आणि केवळ पाटी बदललेले वर्गही त्याच नावाने चालू लागले. याच काळात एमडीआरसी या संशोधन संस्थेने ९ हायस्कूलांमध्ये सोडतीने प्रवेश देऊन दीर्घ अभ्यास हाती घेतला. २००० च्या अहवालात दिसले की जेथे शिक्षक-सहाध्यायांचा आधार खरोखर वाढला तेथे गळती घटली, आणि जेथे तो वाढला नाही तेथे काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत परिणाम उलटा झाला. २००८ च्या अहवालानुसार अकॅडमीत प्रवेश मिळालेल्यांची कमाई सरासरी ११ टक्के अधिक होती, मात्र पुढील शिक्षणात फरक पडला नव्हता. त्याआधीच अकॅडमी कशाला म्हणावे हे ठरवणे अपरिहार्य झाले होते, आणि २००४ मध्ये अनेक संस्थांनी एकत्र येऊन राष्ट्रीय निकष तयार केले. २०१३ मध्ये ते सुधारण्यात आले.

हे निकष ऐच्छिक आहेत. व्यवसायशिक्षणाला केंद्राचा निधी देणाऱ्या २०१८ च्या पर्किन्स कायद्याने मात्र राज्यांना कार्यक्रमाच्या गुणवत्तेचा किमान एक निर्देशक बंधनकारक केला : मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, महाविद्यालयीन क्रेडिट किंवा प्रत्यक्ष कामातून शिक्षण. निवड राज्यांवर सोडल्यामुळे दोन राज्यांची आकडेवारी शेजारी ठेवून तुलना करणे आजही अवघड आहे.