चमकणारा डाय वेगळा, चमकणारे नॅनोकण वेगळे

वसमतच्या मामांची अँजिओग्राफी ठरली अन् मामा अडून बसले. का, तर मोबाईलवर आलं होतं की हार्टच्या तपासणीत चमकणारे नॅनोकण सोडायलेत, त्यात कॅडमियम हा विषारी धातू असतोय. त्याच्या उलट भाचा, फार्मसी शिकलेला, तो म्हणायला की अहो काही होत नाही, चमकणारा डाय तर 1959 पासून चालू आहे. दोघंबी चूक. हा घोळ मी इतक्यांदा ऐकलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

साध्या अँजिओग्राफीत यातलं काहीच नसतं. तिथं देतात ते आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे नस फोटोत उठून दिसावी म्हणून सोडलेलं औषध, ते एक्स-रे अडवतं, चमकत नाही, अन् लघवीवाटे जातं म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात. हे घरोघरी माहितीय, पुढं जाऊ.

चमकण्याला पण उगं भिऊ नका. चमकतं म्हणजे किरणोत्सर्गी, हे तर डोक्यातून काढाच. मामांच्याच आडतीवर नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे, त्याच्याखाली हळदीनं भरलेला हात धरा, पिवळाहिरवा चमकतो. दिवा बंद, चमक बंद. तीच हळद आपण रोज वरणात खातो.

आता भाच्याचा तो चमकणारा डाय म्हणजे आयसीजी, इंडोसायनिन ग्रीन. डोळ्याच्या तपासणीला वापरतात, बायपासमध्ये जोडलेल्या नसेतून रक्त नीट चाललंय का ते बघायला वापरतात. शिरेत गेला की रक्तातल्या प्रोटीनला चिकटतो, लिव्हर त्याला उचलून पित्तात सोडतं, चांगल्या लिव्हरच्या माणसात तीन-चार मिनिटांत रक्तातला निम्मा डाय गायब. त्याच्यात थोडं आयोडाइड असतं, तेव्हा आयोडीनची ॲलर्जी असली तर सांगायची. बस.

खरी गोम कणांची. लोक विचारतात "कशाचा बनलाय?", मी म्हणतो आधी विचारा "बाहेर कुठून पडणार?" साधारण 5.5 नॅनोमीटरपर्यंतचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण किडनी सहज गाळून टाकते. त्याहून बराच मोठा असला की लिव्हर अन् प्लीहा, तिथं रक्त गाळत बसलेल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात अन् धरून ठेवतात. आता गंमत बघा, नसेच्या आत जो चरबीचा थर बसतो, प्लाक, त्याच्यात पण मॅक्रोफेजच असतात, अन् त्या कण गिळतात म्हणूनच तर प्लाक चमकून दिसेल अशी आशा आहे! म्हणजे ज्या सवयीमुळं कण कामाचा, त्याच सवयीमुळं तो लिव्हरमध्ये अडकून राहतो. हे दोन्ही एकाच दमात कोणी सांगत नाही, माझा राग तिथंच आहे.

2012 मध्ये माकडांना कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे असलेच चमकणारे नॅनोकण, दिले होते. 90 दिवसांत माकडं ठणठणीत, पण बहुतेक कॅडमियम लिव्हर, प्लीहा, किडनीत तसंच पडून. अर्धं वाचणारा म्हणतो सुरक्षित, उरलेलं अर्धं वाचणारा म्हणतो विष. कणावर झिंक सल्फाइडचं आवरण असतं, ते शाबूत तोवर ठीक, झिजलं की कॅडमियम सुटतं, अन् सुटलेलं कॅडमियम माणसाच्या किडनीत दहा वर्षांच्या वर मुक्काम करतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या डिशमधल्या पेशी 24 तास जगल्या एवढ्यावर "सुरक्षित" लिहिणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, डिशला कुठं लिव्हर असतंय?

सगळेच कण कॅडमियमचे नसतात हे पण खरं. सिलिकाचे साधारण 6-7 नॅनोमीटरचे कण कॅन्सरच्या काही पेशंटना देऊन झालेत, 2014 ला ते छापून आलं, ते मुख्यतः लघवीतून निघाले. मला विचाराल तर माझी पसंती असल्याच कणांना. हार्टसाठीचं चमकणाऱ्या कणांचं काम मात्र बहुतेक उंदीर-सशांवरच चालू आहे, शिवाय हा उजेड मांसातून फार आत जात नाही, म्हणून हार्टच्या नसेत बघायचं तर कॅथेटरच, म्हणजे बारीक नळी, आत घालावा लागतो.

अन् भाच्यासाठी एक, आयसीजी कणात भरला की 1959 पासून नुसता डाय वापरल्याचं सर्टिफिकेट संपलं. आता तो कण जिथं जाईल तिथं डाय जाणार, पिशवीतला गहू पिशवीबरोबरच फिरतो.

मामांना एवढंच सांगितलं की तुम्हाला आयोडीनवालं देणारेत, क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत घ्या. ते तयार झाले, पण जायच्या आधी आडतीवरचा दिवा लावून दोन्ही हात उलटेपालटे करून बघितलेच.