फॅमिक्लोन

फॅमिक्लोन : निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्यूटर’ (फॅमिकॉम) या दूरचित्रवाणीला जोडावयाच्या खेळयंत्राची मूळ कंपनीच्या परवान्याविना केलेली नक्कल. महाराष्ट्रात ही यंत्रे ‘टीव्ही गेम’ या नावाने आणि त्यांत बसवावयाचे खेळ ‘कॅसेट’ या नावाने सुपरिचित असल्याने त्यांच्या वापराचे वर्णन येथे केलेले नाही. अशा यंत्रांची ओळख कशी पटवावी आणि संग्रह करताना कोणती लक्षणे ग्राह्य धरावीत, यांचाच विचार प्रामुख्याने केला आहे.

फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याचे काम मुख्यतः रिको कंपनीच्या दोन चिप्सवर चालते : २ए०३ ही प्रक्रियक व ध्वनी सांभाळते, तर २सी०२ ही चित्र तयार करते. २ए०३ चा गाभा ६५०२ या सूक्ष्मप्रक्रियकाचा असून त्यातील दशमान अंकगणिताची सोय मात्र निकामी केलेली आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या एनईएस (निन्टेंडो एंटरटेन्मेंट सिस्टिम) या आवृत्तीत अनधिकृत कॅसेट रोखणारी एक वेगळी कुलूप-चिप बसविण्यात आली व कॅसेटच्या पिना ६० वरून ७२ झाल्या. जपानी यंत्रात असे कुलूप नव्हते. आशियातील नक्कलकारांनी बहुतांशी ६० पिनांचीच रचना उचलली, त्यामागे हे एक कारण असावे; जपानी मापाच्या कॅसेट त्या भागात सहज मिळत, हे दुसरे.

नकलांचा आरंभ नेमका कोणत्या वर्षी झाला याविषयी एकवाक्यता नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तैवानमध्ये त्यांचे उत्पादन रुळले होते, एवढे विधान सुरक्षित वाटते. काही संग्राहक खोक्यावरील किंवा खेळाच्या पहिल्या पडद्यावरील वर्षावरून यंत्राचे वय ठरवितात. ते वर्ष पुष्कळदा मूळ खेळाच्या प्रकाशनाचे असते, आणि विनापरवाना कॅसेटमध्ये तेही खोडलेले वा बदललेले आढळते. त्यापेक्षा बोर्डावरील चिप्सवर छापलेला चार अंकी संकेत अधिक विश्वसनीय होय. उदाहरणार्थ, ‘९१३४’ म्हणजे १९९१ सालातील ३४ वा आठवडा. मात्र हा संकेत चिपच्या निर्मितीचा असतो, यंत्राच्या नव्हे. शिलकी चिप्स वापरण्याची प्रथा लक्षात घेता, बोर्डावरील सर्वांत अलीकडचा संकेत हा यंत्राच्या निर्मितीचा नेमका काळ न मानता ‘यंत्र याच्या आधीचे नव्हे’ अशा अर्थाने वाचणे उचित ठरते.

वर्गीकरणाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत : एक बाह्य आवरण व छापील नाव यांवर आधारलेली, दुसरी चिप्सवर. पहिली विक्रेत्यांना सोयीची आहे. तथापि एकच बोर्ड अनेक नावांखाली आणि एकच नाव अनेक बोर्डांवर विकले गेल्याने दुसरी पद्धतच टिकाऊ म्हणावी लागते.

चिप्सच्या दृष्टीने जुन्या फॅमिक्लोनमध्ये तैवानच्या युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन (यूएमसी) या कंपनीच्या जोड्या वारंवार आढळतात. यूए६५२७ व यूए६५२८ ही जोडी जपान-अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला सुमारे ६० चित्रचौकटींच्या) एनटीएससी दूरचित्रवाणी पद्धतीसाठी, तर यूए६५२७पी व यूए६५३८ ही ५० हर्ट्झच्या पॅल पद्धतीसाठी होती. दुसऱ्या जोडीची रचना विशेष लक्षणीय आहे. निन्टेंडोच्या अधिकृत पॅल यंत्रात प्रक्रियकाचा वेग सुमारे १·६६ मेगॅहर्ट्झपर्यंत उतरविलेला असून चित्रचिपेच्या प्रत्येक ३·२ ठोक्यांमागे प्रक्रियकाचा एक ठोका पडतो. परिणामी पडद्यावर चित्राची कोणती आडवी रेषा काढली जात आहे हे मोजून जपानी यंत्रासाठी लिहिलेले खेळ त्यावर बिघडतात. यूएमसीच्या जोडीने वेग सुमारे १·७७ मेगॅहर्ट्झ ठेवला, जो मूळच्या १·७९ मेगॅहर्ट्झच्या अगदी जवळ आहे, आणि तीनास एक हे मूळ प्रमाणही कायम राखले. पॅल चित्रचौकटीतील ३१२ रेषांपैकी २४० दृश्य असतात. उरलेल्यांपैकी ५१ रेषा या रचनेत दृश्य भागानंतर निष्क्रिय जातात आणि त्यानंतरच प्रक्रियकाला ‘चौकट संपली’ असा इशारा मिळतो. इशाऱ्यानंतर पुढील चौकट सुरू होईपर्यंतचा अवधी अशा रीतीने जपानी यंत्राइतकाच, म्हणजे २० रेषांचा राहतो, तर अधिकृत पॅल यंत्रात तो ७० रेषांचा असतो. जपानी खेळ न बदलता ५० हर्ट्झच्या दूरचित्रवाणीवर चालविण्याचा प्रश्न नक्कलकारांनी मूळ कंपनीहून अधिक नेटकेपणाने सोडविला, असे म्हणावयास हरकत नाही.

यातून ओळखीची एक खूण हाती येते, तीही यंत्र न उघडता. अशा यंत्रावर जपानी खेळाचे संगीत सुमारे एकषष्ठांशाने संथ होते, पण स्वराची पट्टी जवळजवळ तशीच राहते. अधिकृत पॅल यंत्रावर पट्टीही सुमारे सात टक्क्यांनी उतरते. दुसरी खूण ध्वनीच्या पोताची. स्वर निर्माण करणाऱ्या चौरस तरंगाच्या २५ व ५० टक्के या दोन रुंदी (प्रत्येक आवर्तनात तरंग किती वेळ वरच्या पातळीवर राहतो त्याचे प्रमाण) यूएमसीच्या व तिच्या वळणाने पुढे आलेल्या पुष्कळ चिप्समध्ये उलटसुलट झाल्या आहेत. त्यामुळे परिचित धून ऐकताना टोकदार स्वर पोकळ आणि पोकळ स्वर टोकदार वाटतो. रिकोच्या चिपेची छायाचित्रावरून हुबेहूब प्रत काढली गेली, या मताशी हा फरक सहजी जुळत नाही. निदान काही भाग नव्याने रचला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

१९९० च्या दशकात प्रक्रियक, चित्र व ध्वनी हे सर्व एकाच चिपेत सामावले गेले. यूएमसीची यूएम६५६१ ही यांपैकी आरंभीच्या चिप्समधील एक होय. पुढे उघडी सिलिकॉन चकती थेट बोर्डावर बसवून तिच्यावर काळ्या एपॉक्सीचा थेंब ओतण्याची स्वस्त पद्धत सर्रास झाली. यंत्र उघडल्यावर असा निनावी काळा थेंब, त्याशेजारी ५ व्होल्टचा ७८०५ नियंत्रक आणि काही फुटकळ भाग एवढेच दिसत असेल, तर चिपेवरून ओळख पटविण्याचा मार्ग बहुधा तेथेच खुंटतो. मग बोर्डावरील तांब्यात कोरलेली अक्षरे, जॉयस्टिकची जोडणी (९ पिनी, १५ पिनी की कायमची सोल्डर केलेली) आणि आत भरलेल्या खेळांची यादी यांवर विसंबावे लागते. यादीतील आकड्याला मात्र अर्थ नाही. ‘९९९९९९९ इन १’ अशा कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मूठभर खेळ असून उरलेल्या ओळी त्याच खेळांच्या वेगवेगळ्या पातळ्यांवरून सुरू होतात. एकविसाव्या शतकातील व्ही. आर. टेक्नॉलॉजीच्या व्हीटी०३ सारख्या चिप्स फॅमिकॉमपेक्षा अधिक रंग दाखवितात, म्हणून त्यांना निव्वळ नक्कल म्हणावे की विस्तार, हा वर्गीकरणाचा वेगळा प्रश्न आहे.

प्रादेशिक नावांत रशियातील ‘डेंडी’ सर्वांत चांगले अभ्यासले गेले आहे. स्टीपलर कंपनीने ते १९९२ च्या अखेरीस बाजारात आणले. त्यातील ‘क्लासिक’ हे तैवानच्या मायक्रो जीनियस आयक्यू-५०१ चेच रूप होते. पोलंडमध्ये ‘पेगासस’, चीनमध्ये कळफलकासह ‘अध्ययन यंत्र’ म्हणून विकले गेलेले ‘शाओबावांग’ (सुबोर), तर ब्राझीलमध्ये ग्रेडिएंटे कंपनीचे ‘फँटम सिस्टिम’ ही इतर ठळक उदाहरणे. ‘पॉलिस्टेशन’ हे सोनीच्या प्लेस्टेशनचे आवरण चढविलेले फॅमिक्लोन असून त्याचे तबकडीचे झाकण उघडले की आत कॅसेटची खाच निघते. आवरणावर भिस्त ठेवणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरेसे व्हावे.

भारतात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘विझ किड’ आणि नंतर ‘मिताशी’ ही नावे आढळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड व मनीष मार्केट येथे, तसेच गावोगावच्या जत्रा व खेळण्यांच्या दुकानांत निनावी यंत्रेही विकली जात.

संग्रहाच्या दृष्टीने खोके, माहितीपत्रक, मूळ जॉयस्टिक, बंदूक व अडॅप्टर यांसह यंत्र मिळणे दुर्मीळ आहे, कारण ही वस्तू जपून ठेवण्यासाठी कोणी घेतली नव्हती. अडॅप्टर मूळचा नसल्यास प्लगच्या मध्यभागाची ध्रुवता बोर्डावरील वाटेवरून तपासल्याशिवाय वीज देऊ नये. निरनिराळ्या यंत्रांत ती उलट असते. यंत्र खोलण्यापूर्वी तळावरील चिकटपट्ट्यांची छायाचित्रे घ्यावीत, कारण स्क्रू बऱ्याचदा त्यांच्याच खाली असतात आणि विक्रेत्याच्या नावाचा उरलेला एकमेव पुरावाही तोच असू शकतो. ज्या यंत्रांत खेळ आतच भरलेले आहेत त्यांच्या स्मृती-चिपेतील मजकूर उतरवून घेण्यावर आता भर दिला जातो. जुनी खेळयंत्रे संगणकावर चालविणाऱ्या मेम या अनुकरण-प्रणालीत अशा अनेक यंत्रांची नोंद झाली आहे. स्मृतीही एपॉक्सीच्या थेंबाखालीच असेल, तर चिप उचलून वाचणे शक्य नसते. अशा वेळी थेंबाकडे जाणाऱ्या तांब्याच्या वाटांवर बारीक तारा सोल्डर करून मजकूर वाचावा लागतो.