पाणी अंगावर वागवणारा ‘जल्लाद’

नेदरलँड्समधल्या रेल्वेवाल्यांनी आपल्या एका इंजिनाचं नाव ‘ब्योल’ ठेवलं होतं. ब्योल म्हणजे जल्लाद. कागदोपत्री मात्र ते साधं ‘६३०० मालिका’. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत अशी २२ इंजिनं आली, तीही जर्मनीहून: काही कासेलच्या हेन्शेल कारखान्यातून, काही बर्लिनच्या श्वार्ट्झकॉफमधून.

ही होती टँक इंजिनं. वाफेच्या मोठ्या इंजिनामागे एरवी टेंडर जोडलेला असतो, कोळसा आणि पाणी त्यात. टँक इंजिनाला ही शेपूट नसते. बॉयलरच्या दोन्ही कुशींना पाण्याच्या टाक्या आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे कोळशाची पेटी, सगळा संसार अंगावरच. अशी इंजिनं बहुधा छोटी असतात, यार्डात वाघिणी ढकलणारी. ६३०० मात्र सुमारे १७ मीटर लांब आणि १२७ टनांच्या आसपास वजनाचं. टँक इंजिनांत हा आकार अवाढव्यच म्हणायचा.

एवढं मोठं इंजिन कशाला लागलं, हे नकाशात दिसतं. देशाच्या आग्नेय टोकाला लिम्बुर्ग प्रांत बेल्जियम आणि जर्मनीच्या मध्ये शेपटासारखा लोंबतो. एका ठिकाणी तर जेमतेम पाच किलोमीटर रुंद. त्याच्या दक्षिण टोकाला देशाच्या कोळसा खाणी होत्या. सरकारी खाणींना राजघराण्यातली नावं होती: विल्हेल्मिना, एमा, हेंड्रिक, माउरिट्स. राणीच्या नावाच्या खाणीतून काळाकुट्ट माल निघायचा, याचं तिथे कुणाला काही वाटत नसावं!

कोळशाच्या गाड्या अतिशय जड, पण फेऱ्या आखूड. टेंडरचं इंजिन उलटं चालवायला अडचणीचं, कारण मागचं नीट दिसत नाही. मग दर फेरीला टर्नटेबलवर नेऊन त्याचं तोंड फिरवा. ६३००ची रचना दोन्ही बाजूंनी सारखी होती. मधे ओढणारे चार आस, आणि पुढेमागे दोन-दोन आसांचा छोटा चाकगाडा, वळणावर वाट दाखवायला. गाडी पोचवली की तोंड न फिरवता परत निघायचं.

खरी गंमत पाण्याच्या वजनात आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी धरतं. रूळ कोरडा असेल तर ओढणाऱ्या चाकांवर जेवढं वजन, त्याच्या साधारण पाव भाग एवढीच ओढ मिळते. त्याहून जास्त वाफ सोडली तर चाकं जागच्या जागी गरगर फिरतात आणि गाडी तिथेच. म्हणून चाकांवर वजन हवंच, आणि टँक इंजिनाला ते आयतं मिळतं. टेंडरमधलं पाणी निव्वळ ओझं; टाकीतलं पाणी चाकं रुळावर दाबून धरतं. पण हे वजन उधारीचं. बॉयलर पाणी पीत जातो तशी टाकी हलकी होते आणि पकडही सैल पडत जाते. भरल्या हंड्याने निघालेलं इंजिन परतताना निम्म्या हंड्यावर असतं. लांबच्या पल्ल्याला हे परवडलं नसतं. खाणीपट्ट्यात चालून गेलं.

सिलिंडर चार होते, दोन चौकटीच्या आत, दोन बाहेर. आतला दट्ट्या पुढे जाताना बाहेरचा मागे येतो, त्यामुळे जड दांड्यांचे हिसके एकमेकांना खाऊन टाकतात आणि रुळांवर, पुलांवर मार कमी बसतो. हा आराखडा कोरा नव्हता. टेंडरवाल्या ३९०० मालिकेचे बरेच भाग इथे जसेच्या तसे वापरले होते. वर्कशॉपवाल्यांना केवढी सोय!

पण वेळ वाईट निघाली. इंजिनं रुळावर आली तेव्हा जगभर मंदी होती. १९३५ मध्ये युलियाना कालवा सुरू झाला आणि कोळशाला बोटीची वाट मिळाली. पुढे महायुद्ध, आणि १९४९ मध्ये लिम्बुर्गच्या मुख्य मार्गावर विजेच्या तारा आल्या. ७ जानेवारी १९५८ला ३७३७ क्रमांकाचं, दुसऱ्या मालिकेतलं इंजिन उत्रेख्तच्या रेल्वे संग्रहालयात पोचलं आणि डच रेल्वेतलं वाफेचं युग तिथे संपलं. खाणी त्यानंतरही चालू होत्या. १९५९ मध्ये देशाच्या ईशान्येला स्लोख्तेरेनला नैसर्गिक वायू सापडला, १९६५ मध्ये सरकारने खाणी बंद करायचं जाहीर केलं, आणि शेवटची खाण १९७४च्या अखेरीस मिटली.

२२ पैकी ६३१७ हे एकच इंजिन उरलं. तेही उत्रेख्तच्या संग्रहालयात, मालीबान या जुन्या स्टेशनात उभं आहे. पाण्याकोळशाशिवाय उभं असल्यामुळे त्याचं वजन आता १२७ टन भरायचं नाही.