पदवीदानाचा गाऊन मागवताना शर्टाचं माप नको, उंची कळवा

(एमबीए, पीजीडीएम आणि इतर व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी)

पदवीदानाचे दिवस जवळ आले की गोव्यात फोंड्याच्या आमच्या गाऊन भाड्याने देणाऱ्या दुकानात फोन सुरू होतात. बहुतेक फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मुलासाठी गाऊन हवा, मिडियम द्या." वर्गाचे प्रतिनिधी यादी पाठवतात तीही तशीच असते, इतके स्मॉल, इतके लार्ज, दोन डबल एक्सेल. यादी मनापासून केलेली असते, पण तिच्यावरून आम्हाला एकही गाऊन बाजूला काढता येत नाही. मग प्रत्येकाला वेगळा फोन करावा लागतो. तोवर कोणी बंगळूरला नोकरीवर रुजू झालेला असतो, कोणी पुण्यात असतो, आणि समारंभाच्या आदल्या रात्री थेट घरी पोचणार असतो. गोंधळ होतो तो नेमका इथे, म्हणून हे पत्रक.

गाऊन उंचीवर बसतो. शर्टाला छाती आणि पोट असतं, गाऊनला ते नसतं. खांद्यावर योक म्हणजे कापडाची जोडपट्टी, पाठीमागे त्यातून सुटणाऱ्या चुण्या, आणि तिथून कापड सरळ खाली. चुण्यांमुळे रुंदीला भरपूर वाव असतो. बारीक मुलगा आणि अंगाने भरलेला मुलगा एकाच उंचीचे असतील, तर बहुतेक वेळा दोघांना एकच गाऊन व्यवस्थित होतो. पण पाच फूट दोन इंचांच्या मुलीला तिच्या शर्टावरून 'लार्ज' दिला तर कापड जमिनीवर लोळतं, आणि मंचाच्या पायऱ्या चढताना तेच पायात येतं. दोन वर्षं मेहनत करून त्या पायऱ्यांपर्यंत पोचलेल्या मुलीचं लक्ष त्या क्षणी पायांकडे असू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

गाऊनची खालची कड घोट्याच्या साधारण वीतभर वर यावी. आमच्या प्रत्येक गाऊनच्या कॉलरखाली आतल्या बाजूला उंचीचा आकडा शिवलेला आहे, तीन-तीन इंचांच्या फरकाने. त्यामुळे उंची बरोबर कळली की काम मिनिटभराचं.

उंची मोजायची ती समारंभाला जी पादत्राणं घालणार ती घालूनच. भिंतीला टाचा टेकवून ताठ उभं राहा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं ठेवा, त्याच्या खालच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मोजा. आधार कार्ड काढताना अंदाजाने सांगितलेली किंवा बारावीत शाळेत मोजलेली उंची कळवू नका. आईबाबांनी मुलाच्या वतीने फोन केला तर आम्हाला आनंदच आहे, पण माप मात्र मुलाने स्वतः घेतलेलं पाठवा. उंच टाचांच्या सँडल घालायच्या की सपाट चप्पल, हे मुलींनी मापाआधी ठरवावं. तीन इंचांची टाच म्हणजे आमच्याकडे एक पूर्ण नंबर.

दुसरं माप डोक्याचं. शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वरून आणि कानांच्या वरून फिरवा, घट्ट ओढू नका. चौकोनी टोपी कपाळावर आडवी, सपाट बसते, मागे कललेली नसते. केसांचा अंबाडा घालणार असाल तर तो मानेवर खाली बांधा. डोक्याच्या वर बांधलेल्या अंबाड्यावर टोपी कुठल्याच मापाची बसत नाही. फुलं जरूर माळा, अबोली आणि शेवंती काळ्या गाऊनवर फार शोभून दिसतात. फक्त सुरंगीचा वळेसर (गजरा) हूडच्या, म्हणजे गाऊनवर गळ्यातून पाठीवर सोडायच्या कापडाच्या, पांढऱ्या पट्टीला लागणार नाही असा माळा, तिच्या परागाचा पिवळा डाग सहजी निघत नाही.

हूडबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण समारंभभर ज्याचा त्रास होतो तो भाग हाच. हूड पाठीवर लोंबतो, त्यामुळे त्याचं सगळं वजन मागे असतं. पुढच्या बाजूला गळ्याखाली जो टोकदार भाग येतो, त्याच्या आतून बघितलं तर दोऱ्याचं एक लहान कडं सापडेल. ते शर्टाच्या बटणात अडकवायचं असतं. बहुतेकांना ते दिसतच नाही, आणि मग हूड हळूहळू मागे सरकत गळ्याला काचतो. फोटोत विद्यार्थ्याचा हात सारखा गळ्याशी दिसतो तो यामुळे. साडी किंवा कुर्ता असेल आणि बटण नसेल, तर ब्लाऊजला किंवा कुर्त्याला आतून सेफ्टी पिन लावून कडं तिच्यात अडकवा. पिन आम्ही प्रत्येक पिशवीत घालून देतो.

साडीवर गाऊन घालणाऱ्या मुलींसाठी आणखी एक. पदर गाऊनच्या आत राहतो, म्हणून तो नेहमीपेक्षा अरुंद पट्ट्यांचा करून खांद्यावर सपाट पिन करा. जाड पदरामुळे डावा खांदा वर येतो आणि हूड उजवीकडे घसरतो. जड रेशमापेक्षा सुती साडी बरी, गोव्यातल्या दमट हवेत दोन-तीन तास गाऊनमध्ये बसायचं असतं. अलीकडे काही मुली कुणबी साडी नेसून येतात. काळ्या कापडाखालून डोकावणारी ती तांबडी चौकट आम्हाला स्वतःला फार आवडते.

"पदवी नाही, पदविका आहे, मग गाऊन चालतो का?" हा प्रश्न पीजीडीएमवाल्यांचे पालक दबक्या आवाजात विचारतात. संकोचायचं काहीच कारण नाही. देशातल्या आयआयएम संस्थासुद्धा २०१७ च्या आयआयएम कायद्याआधी पदविकाच देत होत्या. आपल्याकडे १९९३ मध्ये रायबंदरला सुरू झालेली आणि आता साखळीजवळ असलेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ही पीजीडीएमसाठीच ओळखली जाते. पोशाख कोणता हे संस्था ठरवते. म्हणून आमच्याकडे येण्याआधी संस्थेचं पत्र नीट वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये समारंभाचा पोशाख हातमागाच्या कापडाचा असावा असं विद्यापीठांना कळवलं, आणि काही ठिकाणी गाऊनऐवजी उपरणं किंवा अंगवस्त्र आलं आहे. काही संस्था गाऊन स्वतःच देतात. तसं असेल तर आमच्याकडून दुसरा घेऊ नका, आम्ही तुम्हाला तसं स्पष्ट सांगू.

मात्र संस्थेचा गाऊन बहुधा सभागृहाच्या दारातच परत घेतात, आणि आजी-आजोबा तोवर घरून निघालेलेही नसतात. अशा घरांसाठी आम्ही फक्त संध्याकाळपुरता गाऊन, हूड आणि टोपी देतो. कवळ्याला शांतादुर्गेच्या किंवा मंगेशीला देवाच्या पायांवर पदवीचा कागद ठेवायला जाणारे बरेच जण असा संच नेतात. देवळात शिरण्याआधी टोपी काढून हातात घ्या, आणि फोटोला परवानगी कुठवर आहे ते तिथे विचारा.

परदेशातून एमबीए करून आलेल्यांच्या घरून वेगळीच तक्रार येते: "हूडची कड मळकट आहे, धुतलेला दुसरा द्या." तो मळ नाही. अमेरिकेत १८९५ मध्ये विद्यापीठांच्या पोशाखाची जी नियमावली ठरली, तिच्यात प्रत्येक विद्याशाखेला एकेक रंग आहे आणि वाणिज्य-व्यवस्थापनाच्या वाट्याला फिकट मातकट तपकिरी आला आहे. मखमली कडेचा रंग विषयाचा, आतल्या अस्तराचे रंग विद्यापीठाचे. तिथल्या मास्टर्सच्या गाऊनची बाहीही तशीच चकवते. मनगटाशी हात बाहेर काढायला जागा असते आणि उरलेली बाही खाली लोंबत राहते. ती शिवण उसवलेली नाही. हात त्या लोंबत्या टोकात घालू नका, तिथून तो बाहेर येणार नाही. टोपीचा गोंडा तिकडे बऱ्याच ठिकाणी पहिल्या पदवीला आधी उजवीकडे असतो आणि पदवी मिळाल्यावर डावीकडे घेतात, मास्टर्सवाल्यांचा बहुधा सुरुवातीपासूनच डावीकडे असतो. आपल्याकडच्या संस्थांत तुमच्या समन्वयकांनी सांगितलं असेल तसं करा.

टोप्या हवेत उडवण्याबद्दल. ही प्रथा १९१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून आली असं मानतात. तिथल्या मुलांना अधिकाऱ्यांच्या नव्या टोप्या मिळाल्या होत्या, जुन्या परत नको होत्या. आमच्या टोप्या परत यायच्या असतात, आणि त्यांच्या आत कडक पुठ्ठा असल्यामुळे कोपरा डोळ्याला लागू शकतो. तो आनंद आम्हाला हिरावून घ्यायचा नाही, म्हणून गटाने नोंदणी करणाऱ्यांना उडवण्यासाठी मऊ कोपऱ्यांच्या वेगळ्या टोप्या देतो, त्याचे जादा पैसे लागत नाहीत. फोटोग्राफरला खालून वर फोटो काढायला सांगा, मग टोपी हातभर वर गेली तरी आभाळात गेल्यासारखी दिसते.

फोटोचीच आणखी एक गोष्ट. टोपीच्या पाटीची सावली बरोबर डोळ्यांवर पडते. दुपारी बारा-एकच्या उन्हात चेहरे काळे येतात आणि मग लोक टोपी मागे ढकलतात. टोपी सपाटच ठेवा, हनुवटी किंचित वर करा आणि शक्य असेल तर साडेचारनंतर फोटो काढा. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात काय किंवा साखळीकडे काय, तांबड्या मातीत बसून फोटो काढायचे असतील तर खाली चादर अंथरा. ती माती काळ्या कापडात शिरली की नुसत्या झटकण्याने जात नाही.

अनामत रक्कम का घेता, असंही विचारतात. एक गाऊन हंगामात अनेकांच्या अंगावर जातो आणि प्रत्येक वेळी तो धुऊन, वाफेची इस्त्री करूनच पुढे द्यायचा हा आमचा नियम आहे. परत येणारा गाऊन वेळेवर आला नाही तर पुढच्या मुलाला न धुतलेला द्यावा लागेल, आणि ते आम्ही करत नाही. गाऊन आणि सगळे भाग परत आले की अनामत त्याच वेळी हातात मिळते. लांबी थोडी जास्त वाटली तर कापड कापू नका, इस्त्रीही फिरवू नका. गरम इस्त्रीने काळ्या कापडावर चकाकी येते आणि ती कायमची राहते. दुकानात आणलात तर कच्चा टाका घालून तिथल्या तिथे लांबी कमी करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. समारंभानंतर घामेजलेला गाऊन प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, पावसाळ्यात एका रात्रीत त्याला बुरशीचा वास लागतो. हँगरवर, पंख्याखाली टांगा. हँगर आम्ही सोबत देतो.

नोंदणी करताना नाव, संस्था, समारंभाची तारीख, पादत्राणांसह उंची आणि डोक्याचा घेर एवढंच कळवा. गटाने मागवत असाल तर प्रत्येकाच्या नावापुढे ही दोन मापं लिहिलेली यादी समारंभाच्या दहा दिवस आधी द्या. प्रत्येकाची पिशवी नाव लावून वेगळी येते, त्यामुळे वसतिगृहात वाटप पटकन होतं. पाच फुटांहून कमी किंवा सहा फुटांहून जास्त उंची असेल तर आधी कळवाच, ते नंबर थोडेच असतात आणि आम्ही ते तुमच्यासाठी राखून ठेवतो. घालून बघायचं असेल तर समारंभाची पादत्राणं सोबत घेऊन या. आतल्या खोलीत मोठा आरसा आहे, आणि हूड कसा अडकवायचा ते आम्ही समोर करून दाखवतो.