खोलीच्या हौदाला भोक आहे का?

घरून काम करणाऱ्यांनी टेबलावर स्नेक प्लांट ठेवावा, तो चोवीस तास ऑक्सिजन देतो आणि दुपारी पेंग येत नाही, असं ढकलपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर परवा तिसऱ्यांदा आलं. पहिल्या दोन वेळा मी सोडून दिलं. या वेळी पाठवणारी माझी सख्खी भाची होती.

तेजू आठवड्यातले तीन दिवस कोथरूडच्या फ्लॅटमधून काम करते आणि दोन दिवस हिंजवडीला जाते. तिची तक्रार अशी, की घरी साडेतीन-चारनंतर डोकं दगड होतं. ऑफिसात मात्र, जाण्यायेण्यात अडीच तास मोडूनही, तसं होत नाही. एका वास्तुतज्ज्ञांनी फी घेऊन टेबल उत्तरेकडे फिरवायला सांगितलं होतं. त्याचा एक फायदा झाला. कॉलवर तिच्या मागे इस्त्रीच्या कपड्यांऐवजी पुस्तकांचं कपाट दिसायला लागलं.

मी तिच्याकडे गेलो तो खिशात कार्बन डायऑक्साइडचा मीटर घालून. सकाळी साडेनऊपासून खोलीचं दार बंद, कारण हॉलमध्ये सासूबाईंची मालिका. खिडकी बंद, कारण खाली रस्ता. जेवणही लॅपटॉपसमोरच. दुपारी साडेतीनला मीटरवर आकडा होता २०४०. म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत २०४० भाग कार्बन डायऑक्साइड, ज्याला पीपीएम म्हणतात. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो.

"पण मामा, एसी चालू आहे की! हवा खेळतेय."

हा गैरसमज इतका पसरलेला आहे, की त्यावर थोडं थांबलंच पाहिजे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. भिंतीतून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांमधून फक्त गॅस फिरतो. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तिसरी नळी पाण्याच्या निचऱ्याची. हवा तीच राहते, खोलीतली, गार होऊन पुन्हा पुन्हा आपल्याच अंगावर येणारी.

आता माझा आवडता भाग. शाळेत हौद आणि नळाची गणितं सगळ्यांनी केली आहेत: वरून नळ चालू, खाली तोटी उघडी, हौद कधी भरेल? खोली म्हणजे तोच हौद. नळ आपण स्वतः. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे १००० घनफूट, सुमारे २८,३०० लिटर. भागाकार करा: दर तासाला जवळपास ६४० पीपीएमची भर. हौदाला भोकच नसतं तर आकडा असाच सरळ रेषेत चढत राहिला असता.

पण भोक असतं. दाराखालची फट, खिडकीच्या स्लायडिंगची सैल रबरं, एसीच्या नळ्यांसाठी पाडलेलं आणि नीट न बुजवलेलं छिद्र. ते मोजायची युक्ती सोपी आहे. मी तेजूला खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि आकडा किती वेगाने उतरतो ते दर दहा मिनिटांनी वहीत लिहिलं. हिशेब निघाला, की तासाला खोलीतली साधारण एक तृतीयांश हवा बदलते.

इथे गंमत आहे. बाहेर जाणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड खोलीत तो किती साठलाय यावर ठरतो. साठा वाढला की गळतीही वाढते. त्यामुळे आकडा अनंतापर्यंत चढत नाही. येणं आणि जाणं सारखं झालं की थांबतो. तासाला ९४३० लिटर हवा बदलत असेल, तर १८ भागिले ९४३० म्हणजे १९१० पीपीएम, अधिक बाहेरचे ४२५. अखेरचा आकडा २३३० च्या आसपास. तिथे पोचायला लागणारा वेळही गळतीच ठरवते. एक तृतीयांश गळती म्हणजे तीन तास हे या खोलीचं माप. तीन तासांत चढण ६३ टक्के पुरी होते, सहा तासांत ८६ टक्के. (६३ का, तर १ वजा १/ई. ज्यांना बारावीचं गणित आठवत नाही त्यांनी विश्वास ठेवावा.) सहा तासांनी २०७५ यायला हवे होते, मीटर म्हणत होता २०४०. मी उगाचच खूश झालो.

आणि हीच खिडकी वीतभर उघडून तासाला पाच वेळा हवा बदलली तर? १८ भागिले १,४१,५००, म्हणजे फक्त १२७ पीपीएमची भर. नळ तोच, तोटी मोठी.

"म्हणजे ऑक्सिजन कमी पडतो!" असं लगेच म्हणू नका. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे २,०९,००० पीपीएम. तेजूच्या खोलीत त्यातले फार तर दोन हजार कमी झाले. दर शंभर भागांत एक. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे आणि तिथे प्रत्येक श्वासात मुंबईपेक्षा १५ टक्के कमी ऑक्सिजन मिळतो. आपण तिकडे पैसे खर्चून 'ताजी हवा' खायला जातो.

मग स्नेक प्लांटचं काय? तेजूचे १८ लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे २०० मायक्रोमोल (मोल हे रेणू मोजायचं माप, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). घरातल्या मंद उजेडात एक चौरस मीटर पानाने सेकंदाला एक मायक्रोमोल ओढून घेतला, असं उदारपणे धरू. तरी २०० चौरस मीटर पानं हवीत. खोलीची जमीन सव्वानऊ चौरस मीटर. तेजूला बसायला जागा उरणार नाही. राहिलं 'चोवीस तास ऑक्सिजन'. स्नेक प्लांट रात्री पानांची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो आणि साठवतो, हे खरं आहे. वाळवंटी झाडांची ती पाणी वाचवायची रीत. पण झाडाचा ऑक्सिजन येतो पाण्याचा रेणू फुटून, आणि तो फोडायला प्रकाश लागतो. अंधारात ऑक्सिजन नाही. हेच पिंपळालाही लागू. पिंपळाला पूज्य मानायला माझी हरकत नाही, पण त्याला रात्रपाळी लावू नका. या ढकलपत्रांत नासाचंही नाव असतं. १९८९ सालचा तो प्रयोग बंद पेट्यांमधल्या बेन्झीन, फॉर्माल्डिहाइडसारख्या वाफांवर होता. ऑक्सिजनशी त्याचा संबंध नाही.

आता खरा अवघड प्रश्न: २०४० पीपीएमने डोकं दगड होतं का? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २२ जणांना ६००, १००० आणि २५०० पीपीएममध्ये बसवून निर्णय घ्यायच्या चाचण्या दिल्या. २५०० ला कामगिरी चांगलीच घसरली. बातम्यांचे मथळे तिथून आले. पण २०१८ मध्ये पाणबुडीवरच्या ३६ जणांवर तसाच प्रयोग झाला, थेट १५,००० पीपीएमपर्यंत, आणि फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. आपल्या उच्छ्वासातच सुमारे ४०,००० पीपीएम असतात. फुप्फुसं रोज ज्या पातळीवर वावरतात, तिच्यापुढे दोन हजार किरकोळ.

गाठ थोडीफार सुटली ती डेन्मार्कमधल्या प्रयोगात. तिथे नळकांड्यातला शुद्ध कार्बन डायऑक्साइड सोडून ३००० पीपीएम केले, तेव्हा लोकांना काही झालं नाही. पण हवा कोंडून, माणसांच्याच श्वासाने आणि अंगाच्या वाफांनी आकडा तितकाच चढू दिला, तर डोकं दुखणं, थकवा, कामात घसरण. म्हणजे गुन्हेगार दुसराच कुणी असावा, आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या पावलांचा ठसा. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्ये नेमकं हेच म्हणून १००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती: हा वायू विष नाही, हवा किती शिळी झाली त्याची खूण आहे. (याच गृहस्थांनी पुढे कॉलऱ्याला जंतू पुरेसे नाहीत हे सिद्ध करायला १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या जंतूंचा रस्सा प्यायला, आणि ते वाचले. माणूस एका बाबतीत बरोबर असला की सगळ्यात असतो असं नाही.)

मग ऑफिसची हवा चांगली का? मध्यवर्ती एसीच्या इमारतीत डक्टमधून ठरावीक बाहेरची हवा मिसळायची सोय असते. अ‍ॅश्रे या अमेरिकी संस्थेच्या मानकाप्रमाणे ऑफिसात माणशी सेकंदाला साधारण साडेआठ लिटर. त्या हिशेबाने आकडा हजाराच्या आसपास थांबतो. मात्र वीजबिल वाचवायला ती झडप बंद ठेवली, किंवा काचेच्या खोक्यात नुसते स्प्लिट एसी लावले, तर ऑफिस म्हणजे तेजूची बेडरूमच, फक्त माणसं जास्त. आणि एक फरक मोठा आहे. घरी एकटीने कोंडलेली हवा स्वतःचीच उष्टी. ऑफिसात २४२५ पीपीएम झाले, तर बाहेरच्यापेक्षा जास्तीचे २००० भागिले ४०,०००, म्हणजे आत घेतलेल्या हवेचा विसावा भाग आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला. कोविडच्या काळात हे मीटर त्यासाठीच खपले.

मीटर घेणार असाल तर अवरक्त किरणांवर चालणारा घ्या. स्वस्त मीटर इतर वाफा मोजून अंदाज ठोकतात. माझा पहिला सॅनिटायझरच्या थेंबाने पाच हजारांवर गेला होता.

तेजूच्या खिडकीचा तिढा खराच आहे: उघडली तर रस्त्याची धूळ, संध्याकाळी डास. आम्ही जोडबाथरूमचं दार उघडं ठेवून तिथला एक्झॉस्ट फॅन चालू केला. हॉलकडच्या दाराखालून हवा ओढली जाऊ लागली, मागोमाग मालिकेचा आवाज आणि लसणाच्या फोडणीचा वास. तासाभरात आकडा सातशेवर आला. चारनंतरचं डोकं सुधारलं का, ते तिला विचारण्यात अर्थ नाही. तिला आता सगळा हिशेब माहीत आहे, त्यामुळे सुधारल्यासारखं वाटणारच.

गुरुवारी ती मीटर ऑफिसला घेऊन गेली. बारा बाय पंधराची मीटिंग रूम, आठ माणसं, काचेचं दार बंद, भिंतीवर स्प्लिट. पाऊण तासाने शेजारच्या सहकाऱ्याने टेबलावर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तुझं घड्याळ बिघडलंय. आत्ता साडेअकरा होतायत, ते तेवीस दहा दाखवतंय."