स्क्रूबॉल कॉमेडी

स्क्रूबॉल कॉमेडी : हॉलिवूडच्या बोलपटांमधला विनोदी प्रेमकथांचा एक प्रकार, साधारण १९३४ ते १९४२ या काळातला. काही अभ्यासक ही हद्द युद्ध संपेपर्यंत ताणतात, पण तेवढी ताणायची गरज वाटत नाही. गोष्ट बहुतेक वेळा एकाच साच्यातली. एक बाई, एक पुरुष, दोघांपैकी एक जण गडगंज श्रीमंत किंवा अर्धवट डोक्याचा (बरेचदा दोन्ही, आणि बरेचदा ती बाईच), पहिल्या भेटीपासून दोघांचं वाजलेलं, आणि मग भांडता भांडताच प्रेम. आपटाआपटीचा विनोद आणि झकपक संवाद एकाच सीनमध्ये नांदतात, आणि ती आपटाआपटी कोणा विदूषकाने नाही तर देखण्या हिरो-हिरॉइनने स्वतः करायची, ही यातली खरी मेख.

शब्द कुठून आला यावर बरंच लिहिलं गेलंय. स्क्रूबॉल हा मुळात बेसबॉलमधला चेंडू, पिचर हात असा फिरवतो की चेंडू नेहमीच्या कर्व्हबॉलच्या बरोबर उलट दिशेला वळतो, म्हणजे आपल्या भाषेत गुगलीच समजा. न्यूयॉर्क जायंट्सचा डावखुरा कार्ल हबेल याने १० जुलै १९३४ च्या ऑल-स्टार सामन्यात याच चेंडूच्या जोरावर बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, अल सिमन्स आणि जो क्रोनिन अशा पाच दादा फलंदाजांना ओळीने बाद केलं, आणि ते वर्षही नेमकं या चित्रपटांच्या जन्माचं, त्यामुळे हबेलच्या चेंडूवरून हे नाव पडलं अशी गोष्ट फॅन मंडळी फार आवडीने सांगतात. गोष्ट गोड आहे पण जुळत नाही. स्क्रूबॉल म्हणजे चक्रम माणूस हा अर्थ अमेरिकन बोलीत त्याच्या थोडा आधीपासून रुळत होता, आणि चित्रपटांच्या संदर्भात तो ठळकपणे दिसायला लागतो तो १९३६ च्या आसपास, ‘माय मॅन गॉडफ्री’मधल्या कॅरोल लोंबार्डबद्दल लिहिताना. म्हणजे शब्द आधी नटीला चिकटला आणि मग अख्ख्या प्रकाराला, असं मानणं जास्त सुरक्षित.

पहिला चित्रपट कोणता, हा वाद याहून मोठा. सर्वसाधारण उत्तर ‘इट हॅपन्ड वन नाइट’, फ्रँक कॅप्राचा, फेब्रुवारी १९३४. दुसरं उत्तर ‘ट्वेंटिएथ सेंचुरी’, हॉवर्ड हॉक्सचा, त्याच वर्षीच्या मे महिन्यातला. दोन्ही कोलंबियाचे, आणि कोलंबिया तेव्हा मोठ्या स्टुडिओंच्या पंगतीत शेवटच्या पाटावर बसणारी कंपनी. काही जण आणखी मागे जाऊन एर्न्स्ट लुबिच यांचा १९३२ चा ‘ट्रबल इन पॅरडाइज’ पुढे करतात, पण तो युरोपी नजाकतीचा आहे, त्यात कोणी कोणाला लाथ मारत नाही. लाथेचा उल्लेख गमतीने केलेला नाही, कारण ‘ट्वेंटिएथ सेंचुरी’त ट्रेनच्या डब्यात लोंबार्ड बसल्या जागेवरून जॉन बॅरीमोरवर अक्षरशः लाथा झाडते, केस विस्कटलेले, आवाज टिपेला, आणि समोर कोण तर रंगभूमीचा तो जुना बादशहा. सुंदर नायिका स्वतःच हास्यास्पद होऊ शकते आणि तरीही सुंदरच राहते, हे त्या डब्यात सिद्ध झालं. तारखेने कॅप्रा पुढे आहे, मान्य, पण प्रकाराचा स्वभाव ठरवला तो हॉक्सने, असा या नोंदीचा कल आहे.

सेन्सॉरचा मुद्दा इथेच उरकून घेऊ. हेज कोड या नावाने ओळखली जाणारी नियमावली १९३० मध्येच स्वीकारली गेली होती, पण ती कडकपणे लागू झाली जुलै १९३४ पासून, जोसेफ ब्रीन यांच्या हाताखाली. प्रणय उघड दाखवता येईना म्हणून हॉलिवूडने तो भांडणात लपवला, ही उपपत्ती लोकप्रिय आहे आणि समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी ती फार चटकदारपणे मांडली. पण वरचे दोन्ही चित्रपट जुलैच्या आधीच थिएटरात लागलेले होते ना! त्यामुळे कोडने हा प्रकार जन्माला घातला म्हणणं अवघड आहे, कोडमुळे तो फोफावला इतकंच म्हणता येईल. १९२९ च्या शेअरबाजार कोसळण्यानंतरची मंदी, श्रीमंतांची टर उडवायची लोकांची हौस, नुकताच सुधारलेला साउंड आणि न्यूयॉर्कच्या पेपरांतून व नाटकांतून पश्चिमेला आलेले बेन हेक्टसारखे तोंडाळ लेखक, ही कारणं निदान तितकीच वजनदार, आणि त्यातही लेखकांचं वजन नेहमी कमी धरलं जातं.

‘इट हॅपन्ड वन नाइट’बद्दल मात्र काही बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी (क्लॉडेट कोल्बेअर) आणि नोकरी गमावलेला वार्ताहर (क्लार्क गेबल) बसने न्यूयॉर्कला निघालेत, रात्री एकाच खोलीत राहायची वेळ येते, तर गेबल दोन खाटांमध्ये दोरी बांधतो आणि त्यावर घोंगडी टाकतो. ही म्हणे बायबलातल्या जेरिकोची भिंत. सिनेमाभर ती घोंगडी लटकतेय, आणि शेवटी लग्नानंतर आपल्याला फक्त खोलीचं बाहेरून दर्शन, आत एक खेळण्यातली तुतारी वाजते, घोंगडी खाली पडते, दिवा जातो. संपला सिनेमा. आपल्याकडे याच कामाला दोन फुलं एकमेकांना टेकवायचे, पण घोंगडीची सर त्याला नाही. याच खोलीत गेबल शर्ट काढतो तेव्हा आत बनियन नसतो, आणि त्यामुळे देशभर बनियनची विक्री कोसळली अशी दंतकथा आहे जी प्रत्येक पुस्तक मागच्या पुस्तकातून उचलतं, विश्वासार्ह आकडा कोणीच देत नाही. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा अशी पाचही मुख्य ऑस्करं मिळाली, असं करणारा हा पहिलाच. कोल्बेअरला बक्षिसाची एवढी खात्री नव्हती की ती समारंभाच्या रात्री गाडी पकडायला स्टेशनवर गेली होती, तिथून तिला आणलं आणि तिने प्रवासाच्या कपड्यातच ऑस्कर घेतलं.

तंत्राच्या बाजूने या प्रकारातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेग. हॉक्सची युक्ती अशी की वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला दोन-चार बिनकामाचे शब्द लिहायचे, म्हणजे एक पात्र दुसऱ्याच्या वाक्यावर चढलं तरी मधला कामाचा भाग ऐकू येतो आणि कानाला मात्र दोघं एकदम बोलतायत असंच वाटतं. ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) हा याचा कळस. मूळ नाटक हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर यांचं ‘द फ्रंट पेज’ (१९२८), त्यात संपादक आणि वार्ताहर दोघंही पुरुष होते, हॉक्सने वार्ताहराची बाई केली आणि वर ती संपादकाची घटस्फोटित बायको. रोझलिंड रसेल आणि कॅरी ग्रँट, फोनवर फोन, झाकणाच्या टेबलात लपवलेला फाशीचा कैदी, आणि या सगळ्यात दोघांचं संपलेलं लग्न पुन्हा सुरू होतंय हे आपल्याला त्यांच्या बोलण्याच्या लयीतूनच कळतं, कारण या बाईच्या स्पीडने बोलू शकणारा जगात हा एकच माणूस आहे. तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ च्या पुस्तकात अशा सात चित्रपटांना पुनर्विवाहाच्या कॉमेड्या म्हटलं. मांडणी सुंदर आहे, मात्र त्यांच्या यादीत ‘ॲडम्स रिब’ (१९४९) आहे आणि ‘माय मॅन गॉडफ्री’ नाही, तेव्हा ती स्क्रूबॉलची व्याख्या म्हणून वापरू नये. बरेच जण वापरतात.

‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) मधला एक सीन जवळून बघण्यासारखा आहे. महागडा क्लब, कॅथरीन हेपबर्नच्या हातून ग्रँटचा कोट आधीच फाटलेला, मग त्याचा पाय तिच्या लांब गाऊनवर पडतो आणि मागचा अख्खा पट्टा निघून येतो. तिला पत्ताच नाही. तो आपली हॅट तिच्या मागे धरतो, ती चिडते, शेवटी तिला कळतं, आणि मग तो तिच्या पाठीला चिकटून, पावलाला पाऊल जुळवत, दोघं एका ठेक्यात भर गर्दीतून बाहेर चालत जातात. संवाद जवळजवळ नाहीच. ग्रँट मूळचा ब्रिस्टलचा आर्चिबाल्ड लीच, पोरवयात कसरतीच्या कंपनीत होता, ते शिक्षण इथे कामाला येतं. चित्रपट तेव्हा फारसा चालला नाही, त्याच वर्षी थिएटरमालकांच्या एका संघटनेने हेपबर्नला बॉक्स ऑफिसचं विष ठरवलं, आणि ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ (१९४०) येईपर्यंत तिचं काही खरं नव्हतं. आता तोच पडलेला सिनेमा या प्रकाराचा नमुना म्हणून शिकवतात.

नटनट्यांबद्दल तटस्थ राहणं कठीण आहे आणि तसा आव आणण्यात अर्थ नाही. लोंबार्ड सगळ्यांची राणी. विल्यम पॉवेलशी तिचा घटस्फोट १९३३ लाच झाला होता, तरी ‘माय मॅन गॉडफ्री’साठी हीच नटी पाहिजे असा आग्रह पॉवेलचाच होता, असा मोठ्या मनाचा माजी नवरा विरळाच. १६ जानेवारी १९४२ ला युद्धरोख्यांच्या प्रचारावरून परतताना विमान अपघातात ती गेली, वय ३३. आयरीन डनला लोक कमी लेखतात, त्यांनी ‘द ऑफुल ट्रुथ’ (१९३७) मध्ये ती नवऱ्याच्या होणाऱ्या सासुरवाडीत त्याची गावंढळ बहीण बनून जो धिंगाणा घालते तो बघावा. बार्बरा स्टॅनविक ‘द लेडी ईव्ह’ (१९४१) मध्ये हेन्री फोंडाला ज्या थंड डोक्याने गंडवते त्याला तोड नाही. आणि राल्फ बेलामी, नेहमीचा तो बिचारा दुसरा पुरुष, भला, आईचं ऐकणारा, हमखास टाकला जाणारा. ‘हिज गर्ल फ्रायडे’त तर ग्रँट त्याचं वर्णनच त्या सिनेमातल्या राल्फ बेलामीसारखा दिसणारा माणूस असं करतो. ‘द थिन मॅन’ (१९३४), ‘द ऑफुल ट्रुथ’ आणि ‘ब्रिंगिंग अप बेबी’ या तिन्हीत काम करणारा फॉक्स टेरियर कुत्रा एकच आहे, स्किपी, आणि त्याचं टायमिंग काही नटांपेक्षा बरं. ऑस्करने मात्र यांना जवळपास वाऱ्यावरच सोडलं. डनला पाच नामांकनं आणि बक्षीस शून्य, ग्रँटला १९७० मध्ये मानद, स्टॅनविकला १९८२ मध्ये मानद. हसवणाऱ्याला बक्षीस उशिरा हा नियम तिकडेही लागू.

दोष सांगायचे तर कृष्णवर्णीय कलाकारांना इथे मोलकरीण आणि हमाल यापलीकडे काम नाही, आणि ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’च्या पहिल्याच सीनमध्ये ग्रँट हेपबर्नच्या तोंडावर हात ठेवून तिला मागे ढकलतो ते आज बघवत नाही. प्रकार ओसरला तो साधारण १९४२ नंतर, कारण म्हणून युद्ध सांगतात आणि ते बहुधा बरोबर आहे. पुढे १९७२ मध्ये पीटर बोग्दानोविच यांनी ‘व्हॉट्स अप, डॉक?’ काढून जुनं देणं फेडलं.

भारतात ही वंशावळ हिंदीतून येते. ‘इट हॅपन्ड वन नाइट’वरून ‘चोरी चोरी’ (१९५६, राज कपूर-नर्गिस) आणि नंतर ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१). मराठीत ‘ब्रिंगिंग अप बेबी’च्याच वर्षी अत्रे आणि मास्टर विनायक यांचा ‘ब्रह्मचारी’ आला, त्यातही व्रतस्थ पुरुष आणि त्याची विकेट काढणारी धीट मुलगी आहे, पण ही योगायोगाची जुळणी समजावी, प्रभाव म्हणू नये.

‘माय मॅन गॉडफ्री’ आणि ‘हिज गर्ल फ्रायडे’ यांच्या कॉपीराइटचं नूतनीकरण अमेरिकेत राहून गेलं, त्यामुळे दोन्ही चित्रपट सार्वजनिक मालकीचे झाले आणि फुकट सापडतात, पण फिरणाऱ्या कित्येक प्रिंट खरखरीत आवाजाच्या असतात आणि एवढ्या वेगाच्या बोलण्यात अर्धे विनोद त्या खरखरीतच जातात, तेव्हा दुरुस्त केलेली प्रिंट शोधावी आणि लाज न बाळगता सबटायटल लावावेत.