एचटीटीपी/२ रॅपिड रीसेट

एचटीटीपी/२ या वेब प्रोटोकॉलमधील सेवा ठप्प पाडणारी सुरक्षा-त्रुटी. सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीतील नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-४४४८७. गूगल, क्लाउडफ्लेअर व ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस यांनी १० ऑक्टोबर २०२३ रोजी ती एकत्रितपणे जाहीर केली; हल्ले मात्र ऑगस्टपासूनच चालू होते. गूगलवर सेकंदाला ३९.८ कोटी, तर क्लाउडफ्लेअरवर २०.१ कोटी विनंत्यांचा मारा झाला. क्लाउडफ्लेअरवरील हल्ल्यामागचा बॉटनेट (हल्लेखोराने ताब्यात घेतलेल्या यंत्रांचे जाळे) जेमतेम २०,००० यंत्रांचा होता. धास्ती घ्यावी ती या आकड्याची.

एचटीटीपी/२ मध्ये एकाच टीसीपी जोडणीवर अनेक विनंत्या एका वेळी चालतात. प्रत्येकीचा स्ट्रीम, म्हणजे प्रवाह, वेगळा. एका वेळी किती स्ट्रीम उघडे राहू शकतात हे सर्व्हर ठरवतो, बहुधा १०० किंवा १२८. नको झालेली विनंती क्लायंट (विनंती करणारी बाजू) ‘आरएसटी_स्ट्रीम’ ही रीसेट फ्रेम, म्हणजे छोटा संदेश, पाठवून रद्द करतो. सर्व्हरच्या होकाराची गरज नसते. पान उघडत असतानाच वाचक दुसरीकडे वळला, तर ब्राउझरही हेच करतो. सोय रास्तच आहे. गोम अशी, की रद्द केलेला स्ट्रीम तत्क्षणी बंद ठरतो आणि मर्यादेच्या हिशेबातून सुटतो.

हल्लेखोर विनंतीचा तपशील (हेडर) असलेली हेडर्स फ्रेम पाठवतो, तिच्या पाठोपाठ १३ बाइटची रीसेट फ्रेम, की लगेच पुढचा स्ट्रीम. एरवी १०० स्ट्रीमची मर्यादा आणि जाण्यायेण्याला ५० मिलिसेकंद धरले, तर एका जोडणीवर सेकंदाला फार तर २,००० विनंत्या होतात. इथे उत्तराची वाटच पाहायची नसल्याने मर्यादा उरते ती फक्त बँडविड्थची, आणि हेडर संकुचित होत असल्याने तीही फारशी लागत नाही. सर्व्हरला मात्र हेडर उलगडणे, पत्ता तपासणे, स्ट्रीमसाठी मेमरी राखणे चुकत नाही. रिव्हर्स प्रॉक्सीने (मूळ सर्व्हरच्या पुढे बसून विनंत्या घेणाऱ्या सर्व्हरने) तोवर विनंती मागच्या सर्व्हरकडे धाडलेली असते, तिथले काम रद्द होईपर्यंत रांग तुंबते आणि खऱ्या ग्राहकांना ५०२ त्रुटी (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न आल्याची) दिसू लागते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ४९९ च्या (उत्तराआधीच क्लायंटने विनंती सोडल्याच्या) ओळींचा ढीग दिसला, तर संशय घ्यावा.

एकाच वेळच्या स्ट्रीमची मर्यादा नुसती कमी करून भागत नाही, कारण ती ओलांडलीच जात नाही. मोजायचे ते जोडणीगणिक रद्द झालेल्या स्ट्रीमचे प्रमाण. शंभराहून अधिक विनंत्यांपैकी निम्म्याहून जास्त रद्द झाल्या, तर जोडणी संशयास्पद मानावी, असे गूगलने सुचवले. अशी जोडणी ‘गोअवे’ ही जोडणी संपवणारी फ्रेम पाठवून ताबडतोब तोडावी. सावकाश निरोप देत बसल्यास तेवढ्या अवधीत हजारो स्ट्रीम उघडून होतात. गो भाषेच्या १.२१.३ व १.२०.१० आवृत्त्यांत वेगळा उपाय आहे: चालू हँडलरची (विनंती हाताळणाऱ्या कोडची) संख्याच स्ट्रीमच्या मर्यादेत ठेवली जाते, जादा विनंत्या रांगेत थांबतात आणि रांग फार वाढली की जोडणी तुटते. एनजिनएक्समध्ये एका जोडणीवर मूळचीच १,००० विनंत्यांची मर्यादा असते. ती कामगिरीच्या हव्यासापोटी वाढवून ठेवलेली असेल, तर आधी पूर्ववत करावी. दुरुस्त आवृत्ती हाती येईपर्यंत एचटीटीपी/२ बंद ठेवून जुन्या एचटीटीपी/१.१ वर चालवणे हाही तात्पुरता मार्ग आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी ‘मेडयूरीसेट’ (सीव्हीई-२०२५-८६७१) ही याचीच पुढची आवृत्ती उघड केली. तिच्यात क्लायंट स्वतः काहीच रद्द करत नाही. उदाहरणार्थ, आणखी किती डेटा घेता येईल हे कळवणारी ‘विंडो_अपडेट’ फ्रेम नियमबाह्य अशा शून्य वाढीसह पाठवून तो सर्व्हरलाच स्ट्रीम रीसेट करायला लावतो. त्यामुळे केवळ क्लायंटचे रीसेट मोजणारी ठिगळे तिथे उपयोगी पडत नाहीत.